तिसऱ्या वर्षी पाणी कोण घालणार? पडीक जागेवर वस्तीची बाग आणि कला उभी करताना

पहिल्या दिवशी सगळे येतात. फावडी असतात, रोपं असतात, फोटो निघतात, मुलं चिखलात लोळतात. वर्षभराने त्याच जागी गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि भिंतीवरच्या चित्राचे पोपडे निघू लागलेले असतात. आधीच खचलेल्या वस्तीत हे घडलं की बाग सुकण्यावर भागत नाही. ‘इथे काही टिकत नाही’ ही समजूत आणखी घट्ट होते आणि पुढच्या वेळी फावडं उचलायला कोणी येत नाही. म्हणून खालची प्रत्येक पायरी मी एकाच प्रश्नावर घासून बघितली आहे: तिसऱ्या वर्षी, भर उन्हाळ्यात, इथे पाणी कोण घालणार?

या कामाने फरक पडतो, हे मोजूनही दाखवता आलेलं आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामध्ये संशोधकांनी ५४१ पडीक भूखंड चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. काहींवरचा कचरा काढून जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, ठेंगणं लाकडी कुंपण घातलं आणि पुढे नियमित निगा राखली. काहींवर फक्त कचरा उचलला. उरलेले तसेच ठेवले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये ‘मन उदास असतं’ असं सांगण्याचं प्रमाण, जागा जशीच्या तशी ठेवलेल्या गटाच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं. सर्वांत गरीब भागांत बंदुकीच्या घटना २९ टक्क्यांनी कमी झाल्या. नुसता कचरा उचललेल्या जागांजवळ मनःस्थितीत असा ठोस फरक दिसला नाही. मला यातलं ‘नियमित निगा’ हे कलम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गवत वेळच्या वेळी कापलेलं दिसलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं, या जागेकडे कोणाचं तरी लक्ष आहे.

आराखड्याआधी दोन महिने फिरा

नकाशा, रंग, रोपांची यादी यांतलं काहीही घेऊन वस्तीत जाऊ नका. रिकाम्या हाताने जा. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर, अशा तिन्ही वेळा फिरा, कारण एकच जागा सकाळी म्हाताऱ्यांची, दुपारी मुलांची आणि रात्री आणखी कोणाची तरी असते. ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं की लोक भिडेखातर काहीतरी सांगतात. त्यापेक्षा असं विचारा: संध्याकाळी तुम्ही कुठे टेकता? मुलांना कुठे जायला मनाई करता? याआधी इथे कोणी काय करायचं कबूल केलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं? शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. मोडलेल्या आश्वासनांची यादी हाती आली की आपण कुठे पाय घसरून पडणार आहोत तेही कळतं.

फिरताना तीन प्रकारची माणसं हेरून ठेवा. दाराशी डब्यात का होईना, चार झाडं जगवणारी. शिवण, सुतारकाम, गाणं, ढोल, अक्षरलेखन असं काही हातात असलेली. आणि ज्यांच्या शब्दाला गल्लीत मान आहे अशी. ही बहुतेकदा कुठल्याच पदावर नसतात. यांतली सहा-सात माणसं ‘आम्ही आहोत’ म्हणेपर्यंत कुदळ मारू नका. न मिळाल्यास थांबा किंवा काम लहान करा. एक बाक, एक झाड, एक रंगवलेलं दार एवढंच करा आणि ते वर्षभर नीट ठेवून दाखवा.

जमीन कोणाची, हे कागदावर

न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि तिच्या ‘ग्रीन गुरिला’ सोबत्यांनी बोवरी आणि हाउस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला भूखंड साफ करून वाफे घातले. पुढच्याच वर्षी शहराने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने त्यांना दिली. बाग आजही आहे. पण त्याच शहरात १९९९ साली पालिकेने अशा ११४ बागा लिलावात काढल्या. दोन संस्थांनी ऐनवेळी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रलमधल्या १४ एकरांच्या सामूहिक शेतीचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. जमीन खासगी मालकाकडे परत गेली आणि २००६ साली पोलिसांनी शेतकऱ्यांना बाहेर काढलं. वर्षानुवर्षं कसलेली माती एका सकाळी गेली.

तेव्हा तोंडी परवानगीवर झाडं लावू नका. भूमी अभिलेखातून मालक शोधा आणि साधा लेखी करार करा. त्यात किमान पाच वर्षांची मुदत असावी. पाण्याची जोडणी कोणाच्या नावावर, कोणाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, जागा परत हवी असल्यास किती महिने आधी सांगायचं (निदान हातातलं पीक निघेपर्यंत), आणि बाक, पिंपं, शिल्पं हलवायचा हक्क कोणाचा, हेही लिहून घ्या. भिंतीसाठी वेगळी लेखी संमती घ्या, कारण भिंतीचा मालक आणि जमिनीचा मालक बऱ्याचदा वेगवेगळे असतात.

मुदत वर्षाचीच मिळत असेल, तर बागच हलती करा. बर्लिनमध्ये २००९ साली मॉरिट्झप्लाट्झजवळच्या मोकळ्या भूखंडावर सुरू झालेली प्रिन्सेसिनेनगार्टन ही बाग क्रेट आणि पोत्यांत वाढवली होती, ती उचलून नेता यावी म्हणूनच.

मातीवर विश्वास ठेवण्याआधी ती तपासा

उत्साहाच्या भरात हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि किंमत मुलं मोजतात. शहरातल्या पडीक जागेची माती क्वचितच नुसती माती असते. पाडलेल्या घरांचा राडारोडा, जुन्या रंगातलं आणि शिसेयुक्त पेट्रोलच्या धुरातलं शिसं, गॅरेज असेल तर तेल, बॅटरीचं दुकान असेल तर आम्ल. वस्तीतल्या वयस्कर माणसांना विचारा: इथे पूर्वी काय होतं? त्यांच्या उत्तरावरून प्रयोगशाळेत काय तपासायचं ते ठरेल.

नमुना असा घ्या. जागेचे भाग पाडा: रस्त्याकडचा, जुन्या भिंतीलगतचा, मधला. प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती काढा, प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र कालवा आणि त्यातली पाव-अर्धा किलो सावलीत वाळवून पाठवा. सगळ्या जागेचा एकच नमुना केला, तर भिंतीलगतचं विष मधल्या चांगल्या मातीत लपतं. सामू (मातीची आम्लता, म्हणजे pH), सेंद्रिय कर्ब आणि शिसं एवढं तरी तपासून घ्या. नेहमीच्या शेती-परीक्षणात शिसं नसतं, ते मागून करून घ्यावं लागतं.

आकडा कसा वाचायचा? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी मातीतल्या शिशासाठी धोक्याची पातळी बरीच वर्षं दशलक्ष भागांत ४०० धरली होती. २०२४ साली ती २०० वर आणली. तुमच्या देशाचा आकडा वेगळा असू शकेल, पण मुलं खेळणार असतील तर कडक आकडाच धरा.

शिसं जास्त निघालं म्हणून जागा सोडायची गरज नसते. एक गोष्ट समजून घ्या: शिसं मुख्यतः झाडातून पोटात जात नाही, हाताला, बुटाला, पानांना चिकटलेल्या धुळीतून जातं. म्हणून उघडी माती कुठेच ठेवायची नाही. जमिनीवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, पण माती अडवणारं) कापड अंथरून त्यावर निदान ३० सेंटिमीटर उंचीचे वाफे बांधा, ते बाहेरून आणलेल्या चांगल्या मातीने आणि कंपोस्टने भरा. वाटांवर लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर टाका. फळभाज्यांत शिसं सर्वांत कमी येतं. पालेभाज्या आणि कंदमुळं स्वच्छ वाफ्यातच घ्या. सामू ६.५ च्या वर राखला आणि कंपोस्ट भरपूर घातलं की शिसं मातीत अडकून राहतं. हात धुण्याचा नळ फाटकाजवळच हवा.

वाफ्यांसाठी फुकट मिळणारी लाकडं नीट पाहून घ्या. रेल्वेच्या जुन्या स्लीपरना क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल लावलेलं असतं, जुन्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असू शकतं, आणि पोपडे आलेला जुना रंग म्हणजे पुन्हा शिसंच.

वाफे, वाटा आणि पाण्याचा हिशेब

वाफ्याची रुंदी १.२ मीटरच्या पुढे नेऊ नका. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. मुलांच्या वाफ्याला ९० सेंटिमीटर पुरे. मुख्य वाट निदान १.२ मीटर रुंद आणि टणक असू द्या, म्हणजे चाकाची खुर्ची आणि ढकलगाडी दोन्ही जातील. दोन-तीन वाफे उंच, साधारण ६०–७० सेंटिमीटरचे बांधा. खुर्चीत बसून किंवा फारसं न वाकता काम करायची सोय झाली की घरात बसून राहिलेली माणसं बाहेर येतात. बागेत सर्वांत जास्त वेळ तीच देतात.

आता पाणी. भाजीला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर. १.२ बाय ३ मीटरच्या एका वाफ्याला ९० लिटर झाले, असे वीस वाफे असतील तर आठवड्याला १,८०० लिटर. दहा लिटरच्या झारीने घालायचं म्हटलं, तर १८० खेपा! हा हिशेब पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर फळ्यावर मांडा. वीस वाफ्यांचं स्वप्न बघता बघता आठवर येतं, आणि आठच बरोबर असतात.

शेजारच्या छतावरून पाणी धरता येतं का पाहा. १०० चौरस मीटरच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की हिशेबाने १,००० लिटर होतात, गळती-सांडती वजा जाता ८०० तरी हाती लागतात. पिंपांना घट्ट झाकण आणि बारीक जाळी हवीच, नाहीतर डास होतील आणि तक्रार रास्त असेल. वाफ्यावर पाच-सात सेंटिमीटर आच्छादन ठेवलं की पाण्याच्या खेपा बऱ्याच वाचतात.

कुंपण ठेंगणं आणि आरपार दिसणारं असू द्या. उंच पत्र्यामागची बाग परक्याची वाटते.

लागवडीबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमच्या हवामानाचं ज्ञान वस्तीतच कोणाकडे तरी असतं आणि ते त्यांनीच शिकवलेलं बरं. फक्त पहिल्या हंगामात लवकर हाताशी येणारी पिकं घ्या. मुळा महिन्याभरात निघतो. तो महिना फार मोलाचा असतो. फळझाडं दुसऱ्या वर्षी, करार पक्का झाल्यावर. कंपोस्टचा ढीग निदान एक घनमीटरचा करा, त्यात सुका पाला ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट घाला. शिजवलेलं अन्न टाकू नका, उंदीर येतात.

भिंत: चित्राआधी गिलावा, गिलाव्याआधी गोष्ट

कला या कामात सजावटीपुरती आणली, तर ती सजावटीएवढीच टिकते. फिलाडेल्फियाचा भित्तिचित्रांचा कार्यक्रम १९८४ साली भिंती विद्रूप करणाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेतून सुरू झाला. तिथे जेन गोल्डन या चित्रकर्तीने स्प्रे-रंगाने भिंती रंगवणाऱ्या तरुणांनाच हाताशी धरलं. आज त्या शहरात या कार्यक्रमाची काही हजार भित्तिचित्रं आहेत. ज्यांच्याविरुद्ध मोहीम होती, त्यांच्याच हातात ब्रश दिला गेला. तुमच्याही वस्तीत त्या भिंतीवर आज कोण लिहितं, ते आधी शोधा आणि त्यांना पहिल्या बैठकीला बोलवा.

त्याच शहराच्या उत्तर भागात १९८६ साली लिली ये या चित्रकर्तीने एका ओसाड जागेचं काम हाती घेतलं. आधी जवळ आली ती मुलं, मोठी माणसं मागाहून. पुढे त्या कामातून ‘व्हिलेज ऑफ आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज’ ही संस्था उभी राहिली. मुलं आधी येतात हे जवळपास सगळीकडे खरं आहे, त्यामुळे पहिल्या आठवड्यापासून त्यांच्या हाताला खरं काम द्या. पाट्या रंगवू देणं हे खरं काम आहे, रांगेत उभं राहून टाळ्या वाजवणं हे नाही.

विषय ठरवायला तीन बैठका लागतात. पहिलीत फक्त गोष्टी: जुने फोटो, गेलेली दुकानं, गिरणीचा भोंगा, पुराची रात्र. दुसरीत चित्रकार कच्ची रेखाटनं घेऊन येतो. तिसरीत ती बदललेली दिसली पाहिजेत. चित्रकाराने काहीच बदललं नसेल तर त्याने ऐकलेलं नाही, एवढं स्पष्ट बोला. भिंतीसमोर ज्यांची खिडकी उघडते त्यांना घरी जाऊन विचारा, बैठकीला ते आले नसले तरी. रोज सकाळी ते चित्र त्यांना बघायचंय. डेट्रॉइटमध्ये टायरी गायटन यांनी १९८६ पासून ओसाड घरं आणि टाकाऊ वस्तूंमधून उभारलेल्या हायडलबर्ग प्रकल्पाला जगभर नाव मिळालं, पण शेजाऱ्यांत दोन तट पडले आणि शहराने १९९१ व १९९९ साली त्यातले भाग पाडले. कलेची ताकद मोठी असली तरी शेजाऱ्याची संमती वेगळीच मिळवावी लागते.

आता भिंत. तळाशी ओल आहे का, पांढरा क्षार फुटतोय का, गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजतो का, ते बघा. गळका पाइप आधी दुरुस्त करा, ओल्या भिंतीवरचा कुठलाही रंग सुटतो. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला निदान चार आठवडे द्या. मग सुटे पोपडे खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवून अल्कली सोसणारा प्रायमर लावा आणि त्यावर बाहेरच्या वापराचे अ‍ॅक्रिलिक रंग. गेरू, पिवळी माती यांसारखे खनिज रंग उन्हात टिकतात. काही भडक गुलाबी-जांभळे लवकर विटतात. जुनी भिंत खरवडताना शिशाची शंका असेल तर पाणी मारून, मास्क लावून खरवडा आणि मुलांना लांब ठेवा.

सगळ्यांना परांचीवर चढवता येत नाही, चढवूही नये. त्यावर छान तोडगा आहे: रेखाटन चौकटींत विभागून पातळ, न विणलेल्या कापडाच्या तुकड्यांवर उतरवायचं आणि ते तुकडे शाळेत, दवाखान्याच्या ओसरीत, म्हाताऱ्यांच्या खोलीत रंगवायचे. आकड्यांनुसार रंग भरले की झालं. मग दोन-चार अनुभवी माणसं ते अ‍ॅक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवतात. फिलाडेल्फियात ही पद्धत सर्रास वापरतात. अंथरुणाला खिळलेला माणूसही ‘तो निळा तुकडा माझा’ म्हणू शकतो.

रंगापेक्षा मोझाइक जास्त टिकतं आणि शिकायला सोपं असतं. फुटक्या फरशा, कपबश्या जमवा, गॉगल आणि हातमोजे घालून तोडा, घरात टेबलावर जाळीच्या कापडावर मांडून चिकटवा. मग ती जाळी बाकावर किंवा वाफ्याच्या कठड्यावर बाहेरच्या वापराच्या टाइल-चिकटीने बसवून सांधे भरा. धारदार कड एकही राहू देऊ नका. हात फिरवून तपासा.

एक सपाट ओटा जरूर बांधा, तीन बाय चार मीटरचाही चालेल. त्यावर गाणं, नाटक, वाचन होईल, एरवी लोक बसतील. कार्यक्रम मावळतीला, पाणी घालण्याच्या वेळी ठेवा. ऐकायला आलेल्यांच्या हातात झारी आपोआप जाते.

माणसं, पैसे आणि एक वही

मिळालेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग उद्घाटनाआधी खर्च करायचाच नाही. तो पुढच्या दोन वर्षांच्या निगेसाठी. देणगीदाराला ही अट आवडत नाही, तरी घाला. चित्रकाराला मानधन द्या आणि वस्तीतल्या समन्वयकालाही द्या. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्याकडूनच फुकट श्रमाची अपेक्षा ठेवणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या थर्ड वॉर्डमध्ये १९९३ साली रिक लो आणि सहकारी कलाकारांनी २२ मोडकळीला आलेली घरं घेऊन ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ सुरू केलं; त्यातली काही घरं कलेला दिली आणि काही एकट्या तरुण आयांना शिक्षण पूर्ण होईपर्यंत राहायला. लोकांची आधी कुठली गरज आहे, याचं भान असं दिसतं.

पाण्याची पाळी दोन-दोन जणांची लावा; एकटा आजारी पडला की वाफा सुकतो. फाटकाच्या चाव्या पाच तरी हव्यात आणि त्या वेगवेगळ्या गल्ल्यांत. नियम एका पानात मावावेत: पाळी चुकली तर काय, पीक कोणाचं, चित्र कधी आणि कोणाच्या संमतीने बदलायचं.

भाजी चोरीला जाणारच. तेव्हा कुंपणाबाहेर एक वाफा मुद्दाम सगळ्यांसाठी लावा आणि तशी पाटी रंगवा. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात २००८ पासून ‘इन्क्रेडिबल एडिबल’ने रस्त्याकडेला, पोलीस ठाण्यासमोरसुद्धा कोणीही तोडून न्यावं अशी भाजी लावली. चित्रावर कोणी काही खरडलं तर दोन दिवसांत दुरुस्त करा. त्यासाठी प्रत्येक रंगाचा डबा, नाव-क्रमांकासह, घट्ट झाकून ठेवलेला हवा.

एक धोका यशातूनच येतो. जागा देखणी झाली की आसपासची भाडी वाढतात आणि जिने पाणी घातलं तिलाच घर सोडावं लागतं. बाग त्याला एकटी पुरी पडणार नाही, म्हणून भाडेकरूंची संघटना आणि जमिनीचा प्रश्न हाताळणारी मंडळी सुरुवातीपासून सोबत घ्या. बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात १९८४ साली रहिवाशांनी संघटना उभारली आणि पुढे जमीन सामुदायिक न्यासाकडे घेतली, म्हणजे तिच्यावर काय व्हायचं ते रहिवाशांच्या हाती राहिलं.

शेवटचं काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा: एक जाड वही, फाटकाजवळच्या पेटीत. कोणी किती पाणी घातलं, कुठली कीड आली, नळ कधी तुटला, भिंतीला कुठला निळा वापरला, सगळं त्यात. लिहिता न येणाऱ्याने सांगावं, मुलांनी लिहावं. दर सहा महिन्यांनी पाळीपत्रकातली नावं मोजा. तीच चार नावं पुन्हा पुन्हा येत असतील, तर नवा वाफा, नवं चित्र काहीही हाती घेऊ नका, त्या चौघांचं ओझं आधी वाटून घ्या. आणि तुम्ही बाहेरून आलेले असाल, तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तुमच्याकडची चावी वस्तीतल्या कोणाकडे तरी द्या आणि तशी नोंद वहीत करा.